अंड्यांच्या बदल्यात साखर आणि जानेवारीतला सेल: अमेरिकेतल्या खेड्यांमधली जुनी दुकानं

रानजाई

मागच्या शनिवारी आई-बाबांना एक जुनं दुकान दाखवायला घेऊन गेले होते. पेनसिल्व्हेनियात आमच्या घरापासून तासाभरावरच्या एका खेड्यात ते जसंच्या तसं जपून ठेवलंय. साधारण १९०० ते १९२० या काळातलं, ज्याला इथे जनरल स्टोअर म्हणतात तसलं. एकाच छताखाली साखर, कॉफी, कापडाची ठाणं, खिळे, घोड्याचा साज, औषधं, बुटांच्या नाड्या आणि कोपऱ्यात पोस्टाची खिडकी.

आमच्या बाबांनी बार्शीला बत्तीस वर्षं किराणा-भुसाराचं दुकान चालवलंय. बाकीचे लोक फोटो काढत होते आणि बाबा थेट काउंटरच्या मागच्या बाजूने तराजू बघायला निघाले. पुड्या बांधायचा दोऱ्याचा गुंडा छताला टांगलेला होता, त्याचं टोक बरोबर दुकानदाराच्या हाताशी येत होतं. ते पाहून म्हणाले, "हा माणूस दिवसाला शंभर पुड्या बांधत असणार." रॉकेलच्या डब्याच्या तोटीला बूच म्हणून बटाटा खोचलेला होता. तेही त्यांना लगेच पटलं.

पण ते खरे रमले खतावणीत. काचेखाली एक पान उघडं ठेवलं होतं. बाबांना इंग्रजी अक्षर फारसं लागत नाही, तरी दोन मिनिटांत म्हणाले, "हे नावे, हे जमा. आणि जमेच्या बाजूला रोकड जवळजवळ नाहीच." मी वाचून दाखवलं. एका शेतकरणीचं खातं होतं. नावे: साखर, कॉफी, छिटाचं कापड, दिव्याच्या काचा. जमा: अंडी, अंडी, लोणी, अंडी. नोव्हेंबरपासून मात्र जमेची बाजू कोरी होती आणि नावेची वाढत गेलेली. पान डिसेंबरअखेर संपत होतं.

बाबांनी तिथेच विचारलं, "थंडीत कोंबड्या अंडी घालत नाहीत. मग या बाईने फेडलं कशाने?" तिथल्या स्वयंसेविकेला सांगता येईना, कारण तेवढं एकच पान मांडलेलं होतं. पुढच्या पानाचा फोटो मिळेल का, असं मी संग्रहालयाला कळवलंय.

परत आल्यापासून या काळाबद्दल वाचते आहे. या दुकानाचं वर्ष पिकाचं होतं. माणसं वर्षभर उधारीवर न्यायची आणि मळणी झाली की, किंवा दक्षिणेत कापूस विकला गेला की, खातं चुकतं करायची. मधल्या काळात बायकांची अंडी आणि लोणी हीच रोकड. 'अंड्यांचे पैसे' असा शब्दच होता आणि तो पैसा घरातल्या बाईचा मानला जायचा. दुकानदार ती अंडी पेटीत भरून रेल्वेने शहरात पाठवायचा. ही कमाई किरकोळ नव्हती. १९१३ साली शहरांतला सरासरी किरकोळ भाव अंड्यांना डझनाला साडेचौतीस सेंट होता आणि साखर होती पौंडाला साडेपाच सेंट. म्हणजे एका डझनात सहा पौंड साखर! खेड्यात बाईच्या हाती भाव अर्थात कमी पडायचा, पण डझनभर अंड्यांचं मोल लक्षात यावं.

आज 'हंगामी खरेदी' म्हटलं की सेल आठवतो. या खतावणीच्या जगात सेल कुठे बसतो, ते मला कळत नाहीये. ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहा.

कृष्णाकाठ

सुरेख धागा. बाबांना नमस्कार सांगा.

एक प्रश्न. तिथे घासाघीस चालायची का? आमच्याकडे जनावरांच्या बाजारात अजूनही रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव ठरतो. शेजारी उभ्या माणसालाही कळत नाही की सौदा कितीत तुटला.

रानजाई

चालायची, आणि दुकानदाराची तयारीही असायची. मालावर किंमत लिहिलेली असे, पण गुपित भाषेत. दहा वेगवेगळी अक्षरं असलेला एखादा शब्द धरायचा आणि एकेका अक्षराला १ ते ९ आणि शून्य द्यायचं. 'ब्लॅक हॉर्स' हे नेहमीचं उदाहरण. इंग्रजी स्पेलिंगमध्ये बरोबर दहा अक्षरं, एकही पुन्हा येत नाही. पाचवं अक्षर 'के' म्हणजे ५, शेवटचं 'ई' म्हणजे ०. डब्यावर 'के-ई' दिसलं की नोकराला कळायचं, खरेदी ५० सेंटांची आहे, त्याखाली उतरायचं नाही. गिऱ्हाइकाला काहीच कळायचं नाही.

सगळ्यांना एकच भाव आणि तोही उघड लिहिलेला, हे शहरातल्या मोठ्या दुकानांनी रुळवलं. आमच्या जवळच्या लँकेस्टरमध्ये वुलवर्थने १८७९ साली पाच सेंटांचं दुकान चालवून दाखवलं. त्याआधी त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकात तोच प्रयोग फसला होता. पाच सेंट म्हणजे पाच सेंट, बोलणंच नको.

बाबा विचारतात, सगळं गाव उधारीवर, मग दुकानदार माल कशाच्या जोरावर भरायचा? उत्तर मिळालं. तोही उधारीवरच. शहरातला घाऊक व्यापारी त्याला महिन्यांच्या मुदतीवर माल द्यायचा. त्यामुळे पीक बुडालं की शेतकऱ्यापासून शहरापर्यंत सगळी साखळी ओढली जायची.

हिमपक्षी

मी मिनेसोटात असतो. इथल्या छोट्या गावांत या दुकानांच्या इमारती अजून उभ्या आहेत, बहुतेक बंद. सेल खेड्यात कसा शिरला हे बघायचं तर पोस्टापासून सुरुवात करावी लागेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रानजाईताईंनी कोपऱ्यातल्या पोस्टाच्या खिडकीचा उल्लेख केलाय, ती फार महत्त्वाची. पत्र न्यायला शेतकरी दुकानात यायचा आणि आला की काहीतरी घेऊन जायचा. १९०१ साली अमेरिकेत ७६,९४५ पोस्ट ऑफिसं होती. तो आजवरचा उच्चांक. त्यातली कित्येक अशीच दुकानांच्या कोपऱ्यात होती. पण १८९६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात सरकारने एक प्रयोग सुरू केला होता: शेतकऱ्याची टपाल थेट त्याच्या घरी. १९०२ मध्ये ती सेवा कायम झाली. मग गावोगावची छोटी पोस्टं बंद होऊ लागली आणि दुकानात यायचं एक मोठं कारण संपलं.

त्या टपालाबरोबर घरात काय आलं? कॅटलॉग. माँटगोमेरी वॉर्डने शिकागोहून १८७२ साली एका कागदावर मालाची यादी छापून सुरुवात केली होती. सिअर्स या टपालाने माल विकणाऱ्या दुसऱ्या कंपनीने नंतर त्याचा जाडजूड ग्रंथ केला. पुढे वर्षाच्या मुख्य कॅटलॉगखेरीज हंगामाच्या मधल्या सवलतींची वेगळी पुस्तकं येऊ लागली. भाव छापलेला, सगळ्यांना सारखा, आवडलं नाही तर पैसे परत. 'ब्लॅक हॉर्स'चं गुपित एका फटक्यात उघडं पडलं. शेतकरी कॅटलॉग काखेत मारून दुकानात यायचा आणि म्हणायचा, हीच बादली शिकागोत इतक्याला मिळते.

तरी जड पार्सलं खाजगी कंपन्यांकडूनच यायची आणि ती रेल्वे स्टेशनापर्यंत. १ जानेवारी १९१३ ला पार्सल पोस्ट सुरू झालं. सुरुवातीला मर्यादा ११ पौंडांची. छोट्या गावांतल्या दुकानदारांनी त्याला वर्षानुवर्षं विरोध केला होता. काही गावांत तर व्यापाऱ्यांनी चौकात कॅटलॉगांची होळी केली. कॅटलॉग आणून द्या आणि बक्षीस घ्या, असं मुलांना सांगितलं जायचं.

हे वाचताना मला दुकानदारांचा राग येत नाही. त्यांनी पीक बुडालेल्या वर्षात त्या घरांना तगवलेलं असायचं. रोख पैसा हाती आला की तो शिकागोला आणि हात रिकामा असला की उधारी गावात. कुणालाही लागेल.

काळीमाती

हिमपक्षी, कॅटलॉगांच्या होळीचं वाचून थबकलो. आमच्याकडेही कागद जाळले गेले, पण ते ऋणकोंनी. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांकडून कर्जरोखे आणि वह्या हिसकावल्या आणि पेटवल्या. मग ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. माणसांवर हात टाकण्यापेक्षा कागद मिळवण्यावर त्यांचा भर होता.

आणि या गोष्टीत अमेरिका आहेच. १८६१ ते ६५ च्या यादवी युद्धात तिथला कापूस इंग्लंडला पोचेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेश, वऱ्हाड, दख्खन, सगळीकडे पैसा खुळखुळला आणि त्यावर कर्जंही सढळ हाताने मिळाली. युद्ध संपलं, भाव कोसळला, कर्ज मात्र राहिलं. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा त्यातूनच आला.

त्याच युद्धानंतर अमेरिकेच्या दक्षिणेत काय झालं ते बघा. गुलामी संपली, जमीन मिळाली नाही. कूळ म्हणून कापूस लावायचा आणि वर्षभराचं धान्य, कापड, खत गावातल्या दुकानातून उधारीवर उचलायचं. तारण काय? उभं पीक. दुकानदार सांगेल तेच पेरायचं आणि तो सांगणार कापूस, कारण कापूस विकला जातो, खाता येत नाही. त्याच्याकडे प्रत्येक जिनसेला दोन भाव असायचे, रोखीचा आणि उधारीचा. त्या दोन भावांमधला फरक व्याज म्हणून मोजला तर अभ्यासकांच्या हिशेबाने तो वर्षाला पन्नास टक्क्यांच्याही वर जातो. आपल्याकडे धान्याच्या उधारीला सवाई-दिढी म्हणत, त्याचाच भाऊ.

तेव्हा खतावणीबद्दल माया वाटणं मी समजू शकतो, पण ती वही कुणाच्या गळ्यात कशी पडली हे प्रांताप्रांतावर अवलंबून होतं. पेनसिल्व्हेनियातली अंडीवाली बाई आणि जॉर्जियातलं कापसाचं कूळ यांना एका पानावर बसवू नका.

रानजाई

काळीमाती, हे सांगितलंत ते फार बरं झालं. मी उत्तरेतलं एक दुकान बघून सगळ्या देशाबद्दल लिहून बसले होते. तुमचं म्हणणं मान्य.

सायली_अटलांटा

काळीमाती यांच्या म्हणण्याला जोडून. दक्षिणेत कृष्णवर्णीयांना दुकानात शेवटी माल मिळायचा. आधी आलेले असले तरी गोरं गिऱ्हाईक आलं की थांबायचं. चांगलं कापड मागितलं तर दुकानदार नाही म्हणू शकायचा आणि 'ऐपतीबाहेर वागतो' हे गावात धोक्याचं ठरायचं. अशा घरात कॅटलॉग आला. पत्राला रंग नसतो. ऑर्डरीच्या कागदावर नाव, माप आणि पैसे एवढंच. बाजारात सगळ्यांत वरचं जे असेल ते, तेवढ्याच भावात.

म्हणजे कॅटलॉग जाळणाऱ्या दुकानदाराचं दुःख खरं, आणि त्याच दुकानातून सुटण्याची वाट म्हणून कॅटलॉगकडे बघणाऱ्याचं सुखही खरं. सिअर्सचे प्रमुख ज्यूलियस रोझेनवाल्ड यांनी कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बरोबरीने दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे पाच हजार शाळा उभ्या करायला मदत केली. लोकांनीही स्वतःच्या खिशातून वर्गणी घातली होती. त्यातल्या काही इमारती मी पाहिल्या आहेत. मोठमोठ्या खिडक्या, कारण गावात वीज नव्हती.

ठाणवार

माझं आयुष्य कापड दुकानात गेलंय, त्यामुळे सेलबद्दल मी लिहितो.

सेल हा दुकानातल्या पडून राहिलेल्या मालाचा उपाय आहे. ज्याचं भाडं, नोकर, दिवे रोजचे आहेत त्याला गिऱ्हाईक रोज लागतं. नाताळ संपला की शहरातलं दुकान ओस पडायचं. फिलाडेल्फियाच्या जॉन वॉनामेकर यांनी १८७८ च्या जानेवारीत चादरी, उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ स्वस्त काढले. तेव्हा हे सगळं पांढरंच असायचं, म्हणून 'व्हाइट सेल'. त्यामागे धंद्याची दृष्टी अशी की मंदीच्या दिवसांत गिरणीकडून माल कमी भावात मिळतो. म्हणजे उरलासुरला माल काढणं एवढंच नव्हे, तर ओस महिन्यासाठी मुद्दाम भरणा करणं. पुढे जानेवारीतला पांढरा सेल देशभर पसरला आणि छोट्या गावांतल्या कापड दुकानांनीही पाट्या लावल्या.

आणि ज्याला खरंच सेलचं गणित म्हणावं ते बॉस्टनच्या फिलीन यांच्या दुकानाच्या तळघरात, १९०९ साली. माल विक्रीला ठेवून बारा दिवस झाले की आपोआप पाव किंमत कमी. आणखी सहा दिवसांनी निम्मी. आणखी सहांनी पाऊणभाग कमी. त्यानंतर सहा दिवसांतही नाही गेला तर धर्मादाय संस्थेला. प्रत्येक नगावर तारीख. ना घासाघीस, ना दुकानदाराची मर्जी. गिऱ्हाइकाने स्वतःशीच पैज लावायची: आज घेऊ की सहा दिवस थांबू? थांबलो आणि दुसऱ्याने नेलं तर? मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रात्रभर झोप आली नव्हती, इतकी ती कल्पना आवडली होती.

आता रानजाईताईंच्या प्रश्नाकडे. शहरात पगार आठवड्याला होतो, म्हणून जानेवारीतही हातात पैसा असतो. खेड्यात जानेवारीत काय असतं?

रानजाई

ठाणवारकाका, तुमच्या शेवटच्या ओळीने डोक्यात लख्ख प्रकाश पडला! जानेवारीत त्या बाईच्या कोंबड्या बंद होत्या. जमेची बाजू कोरी. वर्षातला सगळ्यांत स्वस्त चादरींचा महिना आणि तिच्या वर्षातला सगळ्यांत रिकामा महिना एकच. सेल तिच्या दिनदर्शिकेतून आलाच नव्हता, तो पगारवाल्या शहराच्या दिनदर्शिकेतून आला. आणि जोवर रोकड नाही तोवर तिच्यासाठी स्वस्त भाव नुसता छापलेला कागद.

हिमपक्षी

अगदी बरोबर, आणि याचा पुरावा म्हणून केमररचं उदाहरण देतो. वायोमिंगमधलं कोळशाच्या खाणींचं गाव. १४ एप्रिल १९०२ ला जे. सी. पेनी याने तिथे दुकान उघडलं, फक्त रोखीचं. लोक त्याला वेड्यात काढत होते, कारण गावात खाण कंपनीची दुकानं होती आणि तिथे पगाराच्या आधीच उधारीवर माल मिळायचा. पहिल्या दिवसाचा गल्ला ४६६ डॉलर ५९ सेंट. उधारी बुडण्याचा धोका नाही म्हणून भाव कमी ठेवता आला. पण हे चाललं कशामुळे? खाणकामगाराला पगार मिळायचा म्हणून. तेच दुकान नुसत्या शेतीच्या गावात, मळणीच्या आधी उघडलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करा.

मोगरा७

मला नाताळाबद्दल सांगायचंय, कारण तो एक हंगाम खेड्यालाही चुकला नाही.

रानजाई, तुझ्याच राज्यातलं कार्लाइल हे छोटं गाव. तिथल्या कार्लाइल ट्रस्ट कंपनी या बँकेने १९०९ साली 'ख्रिसमस क्लब' काढला. दर आठवड्याला थोडे पैसे भरायचे, मध्ये काढायचे नाहीत, डिसेंबरच्या सुरुवातीला एकरकमी परत. वाचलं आणि मला आमच्या आळीतली दिवाळीची भिशी आठवली. माझी आजी लाडूचं सामान आणि एक लुगडं भिशीतूनच करायची. कल्पना इकडून तिकडे गेली नसेल, पण गरज तीच. एकदम मोठा खर्च आणि हाती रोकड नाही.

दुसरी बाजूही आहे. नाताळच्या आधीच्या आठवड्यांत शहरांतल्या दुकानांतल्या मुली रात्री उशिरापर्यंत उभ्या असायच्या आणि लहान पोरं पार्सलं पोचवत फिरायची. नॅशनल कन्झ्युमर्स लीग या ग्राहकांच्या संघटनेच्या फ्लॉरेन्स केली यांनी मोहीम चालवली: खरेदी लवकर करा, शेवटच्या दिवसांवर ढकलू नका. म्हणजे 'नाताळची खरेदी लवकर उरका' हे वाक्य मुळात दुकानदाराच्या फायद्यासाठी नव्हतं, काउंटरमागच्या मुलीच्या पायांसाठी होतं. पुढे जाहिरातवाल्यांनी ते उचललं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कृष्णाकाठ

हे माहीत नव्हतं, मोगरा. धन्यवाद.

घरी आईला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, आमच्या लहानपणी पण दुकानदार दिवाळीच्या आधी कुणाच्या घरी काय लागेल ते काढून ठेवायचा आणि जांगड म्हणून साड्या घरी पाठवायचा. पसंत पडली तर ठेवा, नाही तर परत. पैसे सुगीला. जानेवारीत सेल बघायला कोण जाणार, असं तिचं म्हणणं.

रानजाई

संग्रहालयाकडून आज फोटो आला. पुढचं पान.

जानेवारीभर नावे बाजूला कॉफी, मीठ, रॉकेल, एकदा खोकल्याचं औषध. कापड नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर जमेच्या बाजूला एक नोंद: जळाऊ लाकूड, दोन कॉर्ड. इथे कॉर्ड म्हणजे आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट उंच रचलेली रास, म्हणजे अशा दोन राशी. दुकानात मधोमध मोठी शेगडी होती, तिच्यासाठीच घेतलं असणार. खालच्या ओळीत बाकी शून्य, आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा: अंडी, ३ डझन.

बाबांना फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी बोटाने दोन्ही बाजूंची बेरीज केली, एका ओळीत दुकानदाराची दोन सेंटांची चूक काढली, बाईच्या बाजूने झालेली, आणि म्हणाले, "सोडली असेल त्याने."